चौदापैकी अकरा पायऱ्या

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. खाली झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, वर आम्ही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दिवसातून वीसदा तरी हा जिना चढ-उतर केला असेल, पण पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. २२ जुलै २०२१च्या सकाळी मोजल्या आणि पुढे जवळजवळ दोन वर्षं मोजतच राहिले.

त्या दिवसाबद्दल चिपळूणच्या माणसाला मी काय सांगणार? इथं ज्याचा त्याचा महापूर वेगळा आहे. वाशिष्ठी फुगलेली, गावातून जाणारी शिवनदी फुगलेली, खाडीला भरती आणि वरून थांबायचं नाव न घेणारा पाऊस. पहाटे पाचला शटरखालून पाणी आत आलं. सासूबाईंनी २००५चा पूर पाहिलेला. त्या ठामपणे म्हणाल्या, "काउंटरपर्यंत येईल गो, त्याच्या वर नाही." म्हणून आम्ही कागदाची रिमं वरच्या फळीवर रचली. साडेसातला ती फळीही गेली. नवरा रात्रपाळीला लोट्याच्या एमआयडीसीत होता, नऊच्या सुमारास फोनही गेले. घरात मी, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. दुपारी अकरा पायऱ्या पाण्याखाली होत्या. उरल्या तीन.

मागच्या चहावाल्याचा सिलिंडर कुठूनसा तरंगत आला आणि आमच्या जिन्याच्या तोंडाशी अडकला. प्रत्येक लाटेसरशी लोखंडी कठड्यावर आपटायचा. ठण्ण. मग थोडा वेळ काही नाही. मग परत ठण्ण. रात्रभर.

आणि समोरचे काका. गल्लीच्या पलीकडे त्यांचं बैठं घर. एकटेच राहतात. ते पोटमाळ्यावर चढले होते, कौलं काढून डोकं बाहेर काढलं होतं आणि ओरडत होते, "वहिनी, दोरी टाका, दोरी!" दोरी दुकानात, पाण्याखाली. मी तीन साड्या एकमेकींना बांधल्या, टोकाला खलबत्त्यातला बत्ता बांधला आणि खिडकीतून फेकली. पोचली नाही. पुन्हा फेकली, तरी पोचली नाही. तिसऱ्या वेळी मधली गाठ सुटली आणि दोन साड्या बत्त्यासकट पाण्यात गेल्या. मुलगा माझ्या कमरेला धरून हे सगळं बघत होता. मी खिडकी लावून घेतली.

त्यानंतर आम्ही गावांच्या नावांच्या भेंड्या खेळलो. चिपळूण, मग ण आला म्हणून नागपूर चालवून घेतलं, रत्नागिरी, रोहा... सिलिंडर वाजला की मी आवाज चढवायचे. काका ओरडले की आणखी चढवायचे. चेहरा हसरा ठेवलेला. शुक्रवारी सकाळी पाणी उतरायला लागलं, तेव्हा पलीकडच्या आळीतल्या पोरांनी टायरच्या ट्यूबवरून काकांना बाहेर काढलं. ते धडधाकट होते. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते काका जिवंत असतानाच झालं.

नंतरचे आठ दिवस मी एकदाही रडले नाही. गुडघाभर चिखल, फुगून रॅकमध्ये अशी रुतलेली रिमं की पहारीनं उचकटावी लागली, पंचनामे, रांगा. आमच्यासारख्या हजारो दुकानांची हीच गत होती, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळलेली. तिथल्या बातम्यांपुढे आमचं दुःख बोलायच्या लायकीचंच वाटेना. माहेरचे म्हणाले, "जीव वाचला ना, मग झालं." शेजारच्या बायका म्हणाल्या, "वाघीण आहेस." वाघीण मग तशीच वागत राहिली.

ऑक्टोबरात गॅसवाला आला आणि त्यानं भरलेला सिलिंडर खांद्यावरून खाली आपटला. त्यानंतरचं मला आठवतं ते असं, की मी दहाव्या पायरीवर उभी आहे, मुलाचं मनगट माझ्या मुठीत आहे आणि तो म्हणतोय, "आई, दुखतंय."

तिथून सुरू झालं म्हणायचं की तिथं ते पहिल्यांदा दिसलं, ठाऊक नाही. पाऊस लागला की रात्री उठून जिना मोजायचा. गल्लीकडच्या खिडकीसमोर मी कपाट सरकवून घेतलं. घरच्यांना सांगितलं, ओल येते. बाजारात जाताना काकांचं घर लागू नये म्हणून मागच्या बोळातून वळसा. ते समोरून येताना दिसले की मी मोबाइल कानाला लावायचे. आणि वही. कोळकेवाडी धरणाचं पाणी किती वाजता सोडलं, सोडलं की नाही, भरती किती वाजता होती, आपल्याकडे पाणी किती वाजता आलं, आपण सहालाच निघालो असतो तर... दोनशे पानी वही भरली. गावात सगळेच यावर वाद घालत होते, त्यामुळे माझं कुणाला खटकलं नाही. त्या डिसेंबरात नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण झालं, तिथेही मी बसून आले. त्या दिवशी मात्र घरी येऊन झोप लागली होती. का लागली, हे पुष्कळ उशिरा कळलं.

डॉक्टर झाले. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल आला. "टेन्शन घेऊ नका" असं सांगून झोपेची गोळी दिली. पाण्यात पडलेल्याला भिजू नका म्हणावं, तसं ते.

मला हलवलं ते मुलानं. २०२३चा जानेवारी असेल. मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी हसून बोलत होते. ते गेल्यावर तो म्हणाला, "आई, आपण भेंड्या खेळूया का? तुझा चेहरा तसा झालाय."

त्या रात्री १४४१६ला, म्हणजे टेली मानसला फोन केला. ही सरकारी सेवा नुकतीच, २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झाली होती. मराठीत बोलता आलं. पलीकडच्या मुलीनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हे फोनवर भागण्यासारखं नाही, आघातावर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला भेटा. अशा एक मॅडम रत्नागिरीत मिळाल्या. चिपळूणहून नव्वद किलोमीटर, महामार्गाच्या कामामुळे एसटीला अडीच-तीन तास. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मला झालेला फायदा कुठल्या सरकारी आकडेवारीत बसणार नाही.

पहिल्या दिवशी वीस प्रश्न. गेल्या महिन्यात नको असताना आठवणी आल्या का, दचकता का, स्वतःला दोष देता का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. माझे ४७ भरले. साधारण ३१-३३च्या पुढे गेलं तर नीट तपासणी हवी, असं मॅडम म्हणाल्या. मला आकडा ऐकून बरंच वाटलं. निदान काहीतरी मोजण्यासारखं निघालं.

पण त्यांना आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस होता. "त्रास किती होतो ते कळलं. त्रास झाला की तुम्ही *करता* काय?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. चेहरा हसरा ठेवते. कपाट सरकवलंय. वळसा घालते. वही लिहिते. जिना मोजते. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "पूर दोन दिवसांत ओसरला. हे पाच जण अजून घरात आहेत."

मी जरा चिडलेच. म्हटलं, चेहरा हसरा ठेवला म्हणून तर मुलगा त्या रात्री घाबरला नाही. मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर, त्या रात्री त्याहून चांगलं काही करताच आलं नसतं. अडचण भेंड्या खेळण्यात नव्हती. भेंड्या थांबल्याच नव्हत्या.

मला शिकवायची आवड असलेली माणसं लगेच ओळखू येतात. मॅडम त्यातल्या. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९९३मध्ये लोकांना किळसवाणी फिल्म दाखवून चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं सांगितलं होतं, ते त्यांनी मला सांगितलं. चेहऱ्यावर कमी दिसलं, पण आतली किळस तसूभरही कमी झाली नाही आणि हाताला सुटणाऱ्या घामासारखी ताणाची चिन्हं उलट वाढली. हे ऐकून मी फक्त मान हलवली. दुसरा प्रयोग मात्र लागला. २००३मध्ये अनोळखी बायकांच्या जोड्यांना एक अस्वस्थ करणारा माहितीपट दाखवून गप्पा मारायला बसवलं, त्यातल्या काहींना सांगितलं होतं की भावना दाबून ठेवा. त्यांच्या समोर बसलेल्या बाईचंसुद्धा बीपी वाढलं. तिला तर काही ठाऊकच नव्हतं.

परतीच्या एसटीत हातखंब्यापासून संगमेश्वरपर्यंत मी नवऱ्याचा विचार करत होते. आमच्या घरात दोघंही दाबणारी. तो त्या रात्री घरी नव्हता, या गोष्टीवर आम्ही दीड वर्षात एक वाक्य बोललो नव्हतो. दोघांनाही बीपीची गोळी चालू.

वहीबद्दल त्यांनी काय सांगितलं तेही लिहिते, कारण माझ्यासारख्या वह्या चिपळुणात अजून असतील. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास करत होत्या. वाईट वाटलं की तुम्ही काय करता, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. योगायोगाने त्यानंतर, १७ ऑक्टोबर १९८९ला, तिथं मोठा भूकंप झाला. दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी पाहिलं तेव्हा, मुळात जी मुलं एकच गोष्ट घोळवत बसणारी होती, त्यांना उदासी आणि आघाताची लक्षणं जास्त होती. एरवी अशा अभ्यासात आधीचं काही हाती नसतं, त्यामुळे घोळवल्यामुळे त्रास की त्रासामुळे घोळवणं, हा घोळ राहतो. मी विचारलं, मग प्रश्न विचारायचेच नाहीत का, धरणाचं काय झालं ते? मॅडम म्हणाल्या, उपोषणाला बसलात त्या दिवशी झोप लागली ना? तिथे प्रश्न दुसऱ्याला विचारलेला होता. रात्री तीन वाजता वहीत तो तुम्ही स्वतःलाच विचारता आणि उत्तर मिळू देत नाही.

काही आठवडे एका विचित्र कामात गेले. मॅडमनी माझ्या 'टेन्शन' या शब्दावर बंदी घातली. पोटात खड्डा पडला तरी टेन्शन, मुलाचे मार्क कमी आले तरी टेन्शन. त्याऐवजी नेमका शब्द शोधायचा आणि बसमध्ये लिहायचा. मला वाटलं, यात काय अवघड? बसले आणि अडकले. पाऊस यायच्या आधी होते ती धास्ती. सिलिंडरच्या आवाजानं बसतो तो धसका. संध्याकाळी उगाच येते ती हुरहुर. नवरा पावसात बाइक काढतो तेव्हा जिवाची कालवाकालव. आपल्या भाषेत किती आहेत, आणि मी दीड वर्ष एकाच इंग्रजी शब्दावर भागवलं होतं. काका समोरून येताना जे व्हायचं त्यापुढे मी पहिल्यांदा भीती असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, त्यांची भीती वाटते? मी म्हटलं, छे, त्यांची कसली भीती. मग? बराच वेळ गेला. मग खोडून लाज लिहिलं. आणि पुरानंतर पहिल्यांदा रडले, ती त्या खोडलेल्या शब्दावर.

भीती असती तर उपाय वेगळा होता. लाजेसाठी खिडकी उघडावी लागली.

म्हणजे तोंडानं उघडावी लागली. डोळे मिटून, वर्तमानकाळात, 'मी साडी बांधतेय, मी फेकतेय' असं सगळं सांगायचं. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली ही पद्धत. दीड-दीड तासाच्या बैठका. मोबाइलवर ते रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. पहिल्यांदा माझं सांगणं सहा मिनिटांत संपलं आणि त्यात खिडकी नव्हतीच. साड्या सुटल्या, मग एकदम भेंड्या. मॅडम काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी खिडकी आली, पण भूतकाळात, 'मग मी लावली' अशी. चौथ्या वेळी मी ती वर्तमानात लावली. कडी गंजलेली होती, दोनदा सरकवावी लागली, हे तोवर मला आठवतच नव्हतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून रोज ते ऐकायचे. पहिल्या आठवड्यात त्रासाचा आकडा शंभरपैकी नव्वद लिहिला. पंधरा-वीस दिवसांनी ऐकताना लक्षात आलं, की रेकॉर्डिंगमध्ये मागे पंख्याचा करकर आवाज येतोय आणि मी त्याच्याकडेच लक्ष देतेय. कंटाळा आला होता! त्या रात्रीचा मला कंटाळा येऊ शकतो यावर माझा विश्वास बसेना.

बरोबरीनं भीतीची शिडी होती. सगळ्यात खाली, रिकामा सिलिंडर स्वतः हलवणं. मग वळसा न घालता बाजारात जाणं. मग कपाट हलवणं. सगळ्यात वर, काका.

हे लिहिताना सरळ चढणीसारखं वाटतंय, तसं नव्हतं. मे महिन्यात कपाट हलवलं आणि त्याच आठवड्यात वळवाचा पाऊस पडला. पुन्हा जिना मोजायला उठले, सलग दोन भेटी चुकवल्या, मॅडमचा फोन उचलला नाही. आकडा परत चाळिशीत. सासूबाई मला त्या काळात म्हणाल्या, "तू कशाला जातेस तिथं? आल्यापासून जास्तच रडतेस." त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. उपचारात मधेच त्रास वाढतो आणि पुष्कळ जण तिथंच सोडतात, हे आधी सांगितलेलं असूनही मी सोडणार होते. गेले ते केवळ अर्धं तिकीट असल्यामुळे, असं मी गमतीनं म्हणते. खरं कारण मुलगा होता.

विचार बदलण्याचं काम मॅडमनी शेवटी घेतलं आणि मला ते बरं वाटलं. कारण विचार बदलायला तर मला पहिल्या दिवसापासून सगळेच सांगत होते. 'जीव वाचला ना' हा वेगळा विचारच आहे की. पण तो दुसऱ्याच्या तोंडून, माझं ऐकून घ्यायच्या आधी आला, तर तो झाकणासारखा बसतो. मॅडम विवेकनिष्ठ पद्धतीच्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ती विचारसरणी कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. त्यात 'च'वर फार लक्ष असतं. 'मी दोरी पोचवायलाच हवी होती.' हे वाक्य लिहून त्यांनी 'च'भोवती गोल केला. मला पोचवायची होती, हे खरं. पोचली असती तर बरं झालं असतं, हेही खरं. पण तीन साड्या, पंधरा फूट गल्ली, कमरेला मूल आणि पोचवायला*च* हवी होती, हा हुकूम कुणी काढला? मी तासभर भांडले. घरी येऊन गच्चीवर एक साडी मोजली, साडेपाच मीटर. तिन्हींची लांबी पुरत होती. म्हणजे अंतराचा प्रश्न नव्हता, भिजलेल्या साडीचं वजन आणि माझा हात एवढाच प्रश्न होता. ही माहिती माझ्या बाजूची की विरोधातली, ठरवता येईना. मॅडमना सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, ठरवायलाच हवं का?

जुलै आला. १९ तारखेच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर दिवसभर तेच. मी अर्धा तास बघितलं, रडले, आणि मग टीव्ही बंद करून स्वयंपाकाला लागले. बंद केला म्हणून पुन्हा दाबतेय की काय, अशी शंका आली. मॅडमना मेसेज टाकला. त्यांनी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांच्या अभ्यासाचं सांगितलं: न्यूयॉर्कवरच्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना भावना दाखवताही येत होत्या आणि गरज पडली तर दाबताही येत होत्या, त्यांना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्रास कमी होता. दोन्ही जमायला हवं. रडून झालं, आता स्वयंपाकाची वेळ झाली, यात काही चुकलं नाही.

त्याच रात्री नवरा आपणहून बोलला. २२ तारखेला तो लोट्याहून चालत परशुराम घाटापर्यंत आला होता. तिथून चिपळूण दिसतं. पाऊस आणि धुकं. मधेच जरा उघडलं तेव्हा खाली सगळं तांबडं पाणी, आणि त्यात आपलं छप्पर कुठलं ते त्याला ओळखता येईना. "दोन तास तिथं उभा होतो," तो म्हणाला, "आणि मला वाटत होतं, बघत राहिलो तर वाचतील." मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तू इतकी हसत होतीस."

ऑगस्टच्या शेवटी वीस प्रश्न पुन्हा भरले. २१.

गणपती १९ सप्टेंबरला होते. त्याच्या आदल्या आठवड्यात काकांकडे गेले. हातात करंजीचा डबा, तळव्यांना घाम. ते ओट्यावर बसून पेटीचे सूर साफ करत होते, भजनाला वाजवतात. चहा टाकला. मी डबा मांडीवर ठेवूनच म्हणाले, "काका, त्या दिवशी तुम्ही दोरी मागत होतात. मला पोचवता आली नाही. आणि मी खिडकी लावून घेतली."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खिडकी लावलीत? मला कुठं दिसतंय चष्म्याशिवाय. चष्मा खाली पाण्यात." मग पेटीवर हात ठेवून म्हणाले, "दोरी ही पेटी वाशाला बांधायला हवी होती. वडिलांची आहे. माळ्यावर डोक्यावर धरून बसलो होतो रात्रभर. तुम्ही काहीतरी फेकत होतात ते पाण्यात पडलेलं ऐकू आलं. मला वाटलं, कपडे वाळत घालताय की काय या पावसात."

मी हसले. आणि त्याच क्षणी मला असा काही संताप आला की कप खाली ठेवावा लागला. दोन वर्षं! पेटीसाठी! राग, मी मनात लिहिलं. त्याखाली आणखी काहीतरी होतं, त्याला शब्द सापडला नाही.

"आणि तुम्ही दोन वर्षं फिरकला नाहीत," काका म्हणाले, "माझे सातबाराचे झेरॉक्स राहिलेत. गल्लीतल्या पोरांना दुकानावर पाठवलं तर ती चॉकलेटं घेऊन परत येतात." आत जाऊन त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद आणला. कडेनं अजून चिखलाचा डाग होता.

दोन प्रती काढल्या. डाग झेरॉक्सवर काळा आला. त्यांना नेऊन दिल्या तेव्हा त्यांनी चार रुपये सुटे मोजून दिले आणि मी ते घेतले.